कॅप्टनसाहेबांचं पेनिसिलिन

सांगली, २७ जून १९४६

स्वारी आली. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हिटलर आपल्या सोळा सोमवारांमुळेच पडला, हे शेजारणींना पुन्हा एकदा बजावलं. चार वर्षांपूर्वी आमच्या घरातून एक साधा डॉक्टर लढाईवर गेला होता. परत आला तो कॅप्टन. चहाला आता 'टी' म्हणायचं, आणि तो बशीत ओतून प्यायचा नाही. सासूबाई बशीतच पितात. त्यांना तसं सांगायची हिंमत कॅप्टनसाहेबांना अजून झालेली नाही. जर्मनांशी लढणं निराळं.

मला इटलीहून शिंपल्याची एक पिन आणली आहे. तिच्यावर कुणा गोऱ्या बाईचं तोंड कोरलंय. नऊवारीच्या पदराला ती कुठे लावावी, काही कळेना. "तिकडच्या बायका लावतात," एवढंच म्हणाले. तिकडच्या बायकांबद्दल त्याहून जास्त काही बोलले नाहीत.

वही लिहायचं आजपासून ठरवलंय. चार वर्षं यांना पत्रं लिहिली, ती आधी सेन्सॉरवाला वाचायचा, मग हे. आता सेन्सॉर गेला, तर मनातलं कुठेतरी उतरवायला हवं. नवऱ्याशी बोलता येतं म्हणा. पण ते नुकतेच आलेत. लगेच सगळं खरं सांगून माणसाला घाबरवू नये.

२१ जुलै

पहिला महिना बरा गेला. त्याबद्दल वहीत लिहायची आमच्याकडे पद्धत नाही.

घरात नवं दैवत आलंय. नाव पेनिसिलिन. पुढच्या खोलीत दवाखाना थाटला आहे, आणि यांच्या एका लष्करी मित्रानं मुंबईहून चिमुकल्या बाटल्या पाठवल्या आहेत. आत तळाशी चिमूटभर पिवळट भुकटी. ती गारव्यात ठेवावी लागते, आणि आमच्या घरात गार जागा एकच, ती म्हणजे विहीर. म्हणून बाटल्या पितळी डब्यात घालून दोरानं विहिरीत सोडायचं ठरलं. सासूबाई आडव्या आल्या. "हे औषध बुरशीपासून करतात म्हणे. बुरशी आलेली भाकरी मी गाईपुढेसुद्धा टाकत नाही, आणि ती आमच्या पिण्याच्या पाण्यात?" बुरशी ही एक प्रकारची वनस्पतीच असते, तुळशीची लांबची नातेवाईक म्हणा, असं सांगितल्यावर परवानगी मिळाली. मुलगा डॉक्टर असला तरी आईपुढे वकिली करावी लागते.

गावात बोभाटा झालाय. ताप असो, खरूज असो, पोटशूळ असो, लोक येऊन थेट "ती नवी सुई द्या" म्हणतात. शेजारचे तात्याबा परवा म्हशीला चालेल का विचारून गेले. हे मला म्हणाले, "याच्यानं काय बरं होतं ते विचारू नकोस. काय होत नाही ते विचार."

मी विचारलं, "टक्कल?"

दिवसभर बोलले नाहीत. लढाईवर जाताना केस दाट होते, हे खरं.

३ सप्टेंबर

गणपतीसाठी नारळ खवताना नारळाबरोबर बोटही खवलं. दोन दिवसांत बोट वांग्याएवढं झालं, आत पू, आणि काखेत गाठ. सासूबाईंनी पोटीस बांधलं. कॅप्टनसाहेबांनी ते सोडलं आणि दैवताला पाचारण केलं. दर तीन तासांनी सुई. स्टोव्हवर भाताच्या आधी सुया उकळतात, आणि भाताला स्पिरिटचा वास येतो.

सुई कुठे टोचतात ते लिहीत नाही. गौरी जेवायला बसल्या तेव्हा मी बसूच शकत नव्हते, म्हणून सारखी उभी राहून वाढत होते. पंगतीतल्या बायका सासूबाईंना म्हणाल्या, "सून हवी तर अशी!"

८ सप्टेंबर

बोट बरं झालं. नुसतं बरं नाही, चमत्कार झाला. गेल्या वर्षी अशाच नखुर्ड्यानं पलीकडच्या आळीत एकाचं बोट कापावं लागलं होतं. आता मी दवाखान्यात ओळीनं बसलेल्या रोग्यांपुढे बोट नाचवून येते. स्वारी म्हणते, "दाखव गं, दाखव." मी दाखवते. गणपतीच्या देखाव्यानंतर सांगलीत सध्या माझ्या बोटालाच गर्दी आहे.

उगाच थट्टा करते आहे. बोट गेलं असतं, कदाचित मीही गेले असते. ज्या रात्री ताप चढला होता त्या रात्री हे उशाशी बसून होते. माणूस गुणी आहे. फक्त त्याला ते कळलं तर पंचाईत होईल.

१४ सप्टेंबर

कुंडलहून हरिबा नावाचा एक शिपाई गडी बायकोला घेऊन आला. मराठा पलटणीतला, इटलीत यांचा ऑर्डर्ली होता. मला पाहून कडक सलाम ठोकला. मला कुणी सलाम ठोकण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही हात पिठात होते, म्हणून मानच हलवली.

"बाईसाब, सायेब म्हंजी देवमाणूस," तो म्हणाला. "जे विंजेक्शन आमास्नी दिलं, त्येच सायबांनी नेपल्सला सोताबी घेतलं. आमी डोळ्यांनी बगितलंय."

आतून यांनी हाक मारली, "हरिबा! आत ये आधी." आवाज अगदी परेडचा.

म्हणजे रोग्याला देण्याआधी स्वतःवर प्रयोग! घरी साधा काढा प्यायला नाक मुरडणारा माणूस तिकडे विज्ञानासाठी सुया टोचून घेत होता, आणि आम्हाला पत्रांतून कळवत होता काय, तर इटलीत द्राक्षं छान मिळतात.

त्याची बायको राहीबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. चहा दिला. दोन घोट घेतले आणि तिनं सरळ बोलायला सुरुवात केली. मी तर थक्कच झाले.

"आवं बाईसाब, तितं लय जणांस्नी बायकांपासनं परमा लागला. आमचं मालक घरी आलं, तवा पयल्याच दिशी समदं सांगितलं. मी मुसळ घिऊन मागं लागले. आठ दिस भाकरी वाढली न्हाई, का तोंड बगितलं न्हाई. मग म्हटलं, गडी खरं तर बोललाय. न सांगता जवळ आला आसता, तर मला काय कळणार हुतं?"

"मग आता?"

"आता तो रोग उलटलाय म्हनं. त्यांस्नीबी, आन् मलाबी. म्हनून आलोय दोगंबी सुया टोचून घ्यायला. तुमास्नी बी तीच सुई दिली व्हय?"

"मला बोटासाठी," मी जरा घाईनंच म्हटलं, आणि बोट दाखवलं.

बिचारी. तिला जाताना ओंजळभर करंज्या बांधून दिल्या आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. शिकल्यासवरल्या माणसाशी लग्न झालं की चहा बशीत पिता येत नाही खरा, पण निदान असली पाळी येत नाही.

आज रात्री हे जेवले नाहीत. हरिबाचा रोग उलटला याचं एवढं मनाला लावून घेतलं! एकेका रोग्यावर इतका जीव लावला तर दवाखाना कसा चालायचा?

१९ सप्टेंबर

एक भानगड झालीय. नको तिथे खाज सुटली आहे. आग होते, आणि दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं. बोट बरं झालं त्यानंतर दोन-चार दिवसांत सुरू झालं. मांडी घालून बसवत नाही, चालवत नाही, आणि चारचौघांत खाजवण्याची सोय देवानं फक्त पुरुषांना दिली आहे.

सांगायचं कुणाला? सासूबाईंना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत आळीला कळेल आणि उद्या सकाळी पोपटी रंगाचा एक काढा समोर येईल. यांना सांगावं, तर हे नवरा आहेत. डॉक्टरही आहेत, पण आधी नवरा. परक्या बाईची नाडी हातात धरणारा माणूस घरात, आणि घरच्या बाईला तोंड उघडायची चोरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

२२ सप्टेंबर

शेवटी सांगितलं. चादरीच्या घड्या घालताना, त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं. "मला खाली त्रास होतोय," एवढंच. वाटलं होतं, हसतील, डोक्यात टपली मारतील.

घडी पुरी करून वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. ट्रंकेवर बसले.

"केव्हापासून?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

"जळजळ होते?"

"होते. पांढरं जातं. तुम्ही एकदा बघता का?"

"नको, नको. बघायची काही गरज नाही. कळलं मला." मग म्हणाले, "घरात कुणाला बोलू नकोस. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे तर मुळीच जायचं नाही. मी बरी करतो तुला."

न बघता कळलं! याला म्हणतात विद्या. बाकीचे डॉक्टर जीभ बघतात, डोळे बघतात; आमचे कॅप्टनसाहेब उंटावरून शेळ्या हाकतात. तासाभरात विहिरीतून डबा वर आला. पुन्हा सुई, पुन्हा दर तीन तासांनी. मला 'विश्रांती मिळावी' म्हणून यांनी आपली गादी उचलून दवाखान्यात नेली.

२ ऑक्टोबर

बरं वाटायचं नाव नाही. उलट दुप्पट झालंय. आधी खाज होती, आता रडू येतं. रोगापेक्षा इलाज भयंकर असं लोक म्हणतात ते उगाच नाही. यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "डोस कमी पडतोय." डोस वाढवला.

पण एक लिहायलाच हवं. लग्नाला सात वर्षं झाली. इतकं माझं कौतुक माझ्या आईनंसुद्धा केलं नव्हतं. बाजारातून स्वतः डाळिंबं आणतात, सोलतात आणि वाटीत दाणे घालून पुढे ठेवतात. काल माझ्या डोक्याला तेल लावून दिलं, आणि सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना घेरी येईल असं वाटलं. संध्याकाळी दूध स्वतः तापवून आणतात. साय निघून गेलेली असते, पण आणतात.

"एवढं काय करता? मी काय मरणार आहे का?" असं मी म्हटलं, तर पेला ठेवून बाहेर निघून गेले. इटलीत बंदुकीचे आवाज ऐकलेला माणूस माझ्या एका वाक्यानं घाबरतो. मला बाई हे फार आवडलं.

६ ऑक्टोबर

काल दसरा झाला. यांनी सगळ्यांच्या आधी मला सोनं दिलं आणि पायाला हात लावायला खाली वाकले. बायकोच्या पायाला! मी ओरडलेच. "चुकून," म्हणाले. चुकून जमिनीपर्यंत वाकणारा कॅप्टन मी तरी पाहिला नव्हता.

आता जिभेवरही पांढरा थर आलाय. पुरणपोळी खाल्ली तर तोंडात निखारे ठेवल्यासारखं झालं. यांनी जीभ पाहिली नाहीच. मी सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावला आणि पुटपुटले, "इतक्या लवकर तोंडापर्यंत कसं जाईल?" काय कसं जाईल, ते सांगेनात. पुन्हा डोस वाढला. विहिरीतल्या त्या डब्यापेक्षा माझ्या अंगात आता जास्त पेनिसिलिन असावं.

दुपारी डबा घ्यायला दवाखान्यात गेले तर पडद्यामागे हे स्वतःच्या मांडीत सुई टोचत होते. दचकले. "मलेरियासाठी," म्हणाले. मला वाटायचं मलेरियाला कोयनेल देतात. पण आपण काय, वाईच्या शाळेतून मॅट्रिक! लष्करात मलेरियाही निराळा असेल.

१३ ऑक्टोबर

आज थट्टा करायची इच्छा नाही.

सकाळी यांनी विचारलं, "मी परत येण्याआधी तुला असं कधी झालं नव्हतं? नीट आठव. माझ्यानंतरच ना?"

माझं डोकं फिरलं. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? चार वर्षं मी सासूबाईंच्या शेजारी झोपले. त्या घोरतात की नाही हे सांगलीत माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. विचारा त्यांनाच!"

"तसं नाही गं, तसं नाही," म्हणाले, आणि तोंड फिरवलं. खांदे हलत होते. संशय माझ्यावर घ्यायचा, आणि रडायचं यांनीच. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मनात आलं, पण बोलले नाही. रडणाऱ्या पुरुषाला काय बोलायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मग मी विचारलं, "याच्यामुळे मूल व्हायचं नाही, असं काही असतं का?"

ते उठून सुया उकळायला गेले.

एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. सासूबाई तोंडानं काही म्हणत नाहीत, पण कुणाच्याही बारशाहून आल्या की घरभर गप्प हिंडतात. हे लढाईवर होते तोवर माझ्याकडे उत्तर होतं. आता नाही. उद्या मी बरीच झाले नाही तर या घरात माझं काय? शेगडीवर भात शिजवणारी एक बाई, आणि तिच्याकडे बघून उसासे टाकणारी दुसरी. दुसरी सून आणा म्हणायला लोकांना लाज वाटत नाही. त्यांना फक्त आधीची आजारी असावी लागते.

मला भीती वाटते. हे कुणालाच सांगता येत नाही.

वाई, २७ ऑक्टोबर

भाऊबिजेला माहेरी आले. हे पाठवायला तयारच नव्हते. पण सणाला सुनेला माहेरी न पाठवणं सासूबाईंच्या शास्त्रात बसत नाही, आणि त्यांच्या शास्त्रापुढे ब्रिटिश फौजसुद्धा हरली असती. वाठार स्टेशनवर उतरून वाईच्या मोटारीत बसले तेव्हा खड्ड्यागणिक जीव गेला. सोबत बाटल्या बांधून दिल्या होत्या आणि इथल्या कंपाउंडरकडून सुया टोचून घ्यायच्या, असा हुकूम होता. बाटल्या अजून पिशवीतच आहेत.

मी दादाला ओवाळताना क्षमावहिनीनं माझं तोंड पाहिलं, आणि माझ्या हातातलं ताम्हण खाली ठेवून विचारलं, "वन्सं, काय होतंय? खरं सांगा." मी सांगितलं. दादानं आयुष्यात केलेली एकमेव शहाणी गोष्ट म्हणजे त्याची बायको. आज सकाळी घाटावर जातो असं सांगून तिनं मला बायकांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या सुलाबाई डॉक्टरीण पन्नाशीच्या. चश्मा, पांढरं लुगडं, आणि आवाज हेडमास्तरचा. त्यांनी सगळं तपासलं. म्हणजे खरोखरच डोळ्यांनी पाहून तपासलं. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणी तरी पाहिलं. जीभ पाहिली, काचेवर पुसून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघत बसल्या.

"किती दिवस पेनिसिलिन घेताय?"

"गणपतीपासून. आधी बोटासाठी. मग यासाठी."

"यासाठी?" त्यांनी चश्मा काढला. "अहो, हे यीस्ट आहे. पाव फुगतो ना, त्याच्याच जातीतलं, बुरशीच्या कुळातलं. पेनिसिलिन यावर चालत नाही. ते स्वतःच एका बुरशीचं केलेलं. ते जंतू मारतं, दुसऱ्या बुरशीच्या केसालाही धक्का लावत नाही."

"मग वाढलं कसं?"

"पुस्तकांत अजून नीट लिहिलेलं नाही. पण या वर्षात मी तुमच्यासारख्या काही बायका पाहिल्या. मला असं वाटतं, की अंगात काही निरुपद्रवी जंतू असतात, ते या यीस्टला दाबून ठेवतात. तुमच्या सुयांनी ते मेले. राखणदार गेले, मग शेत कुणाचं? बोटासाठी घेतलंत ते योग्यच होतं. त्यातून हे उपटलं, आणि यावर पुन्हा तेच. आगीतून फुफाट्यात."

मी घाबरत घाबरत विचारलं, "याच्यानं मूल व्हायला अडचण?"

"मुळीच नाही. जांभळं औषध देते, ते लावायचं. सुया आजपासून बंद."

मी रडायलाच लागले. वहिनी पाठीवर हात फिरवत होती. सुलाबाईंनी हात धुतले आणि विचारलं, "तुमचे यजमान लष्करात होते म्हणालात. कुठे?"

"इटलीत."

"त्यांनी तपासलं होतं तुम्हाला?"

"नाही. न बघताच कळलं त्यांना."

त्यांनी चश्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दुसरी जी काही शंका असेल, तीही मी पाहिली. तसलं काही नाही तुम्हाला. घरी गेल्यावर त्यांना हे सांगा. मुद्दाम सांगा."

"मुद्दाम का?"

"त्यांच्या जिवाला बरं वाटेल," म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

वाई, ४ नोव्हेंबर

जांभळ्या औषधाचा विजय असो! पहिल्या दोन दिवसांतच आग कमी झाली, आता खाज जवळजवळ गेली. जिभेलाही तेच लावते. हसले तर लहान पोरं पळतात. माझे दोन परकर, वहिनीचं एक पातळ आणि आईची एक उशी कायमची जांभळी झाली. आईला वाटतंय मी होळीची तयारी करतेय. सुंदर दिसत नाही, वास नाही, विहिरीत सोडावं लागत नाही, मुंबईहून मित्राला पाठवावं लागत नाही. म्हणूनच त्याला कुणी कॅप्टन विचारत नसावा.

सारखं यांचं तोंड डोळ्यांपुढे येतंय. केवढे खजील होतील! डाळिंबं सोलून, तेल लावून, रडून, माणूस महिनाभर चुकीच्या शत्रूशी लढला. मी जन्मभर हे ऐकवणार आहे. म्हातारपणी नातवंडांना सांगणार आहे. आणि थोडं चिडवून झालं की सांगणार, की डॉक्टरकी तुमची जेमतेम आहे, पण असा नवरा वाईपासून सांगलीपर्यंत कुणाला मिळालेला नाही.

परवा निघते. इतकी आनंदात मी लग्नाआधीसुद्धा नव्हते.

सांगली, ८ नोव्हेंबर

दवाखाना बंद होईपर्यंत थांबले. गाडीत टोमणे पाठ केले होते. त्यातला पहिला टाकला. "कॅप्टनसाहेब, तुमची फौज चुकीच्या गावावर चाल करून गेली. मला यीस्ट झालं होतं. पाव फुगवतात ते. वाईच्या डॉक्टरणीनं तपासलं. पेनिसिलिननं ते बरं होत नाही, उलट वाढतं."

वाटलं, दुसऱ्या डॉक्टरकडे गेले म्हणून आधी चिडतील, मग ओशाळतील.

त्यांनी फक्त विचारलं, "काचेवर घेऊन तपासलं? नक्की? दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही. मुद्दाम सांगा म्हणाल्या."

ते उभे राहिले. हसायला लागले. मला दोन्ही हातांनी धरून गोल फिरवलं, दवाखान्याच्या मधोमध, दार उघडं असताना. "म्हणजे माझ्यामुळे नाही! अनू, माझ्यामुळे तुला काहीच झालेलं नाही!"

मीही हसत होते. दोन-तीन क्षण हसत होते. इतकं चुकीचं औषध देऊन डॉक्टरला एवढा आनंद कसा होतो, असं विचारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

कुंडलच्या त्या बाईला तिच्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला मात्र वाईच्या डॉक्टरणीकडून कळलं, आणि तेही ऐकूनसुद्धा समजलं नव्हतं.

"कोण होती?" मी विचारलं.

हसू थांबलं. "नेपल्सला. एकदाच, अनू. देवाशपथ एकदाच. लगेच औषध घेतलं, बरा झालो होतो. इथे येण्याआधी तपासूनसुद्धा घेतलं. पण हरिबाचं उलटलं, आणि मग तू म्हणालीस की तुला..."

"नाव काय होतं तिचं?"

"विचारलं नाही."

"डाळिंबं? तेल? दसऱ्याला खाली वाकलात ते?"

ते म्हणाले, "मला फार भीती वाटत होती."

खरं बोलले, एकदाचे. भीती होती ती. मी तिला माया समजले. या वहीत रोज तिची थट्टा लिहिली, कारण ती मला फार आवडली होती आणि तसं सरळ लिहायची लाज वाटत होती. मला खूप लागलं आहे. तिकडच्या त्या बाईपेक्षाही हे जास्त लागलं आहे.

जेवताना यांनी दोनदा भात मागून घेतला. सासूबाई खूश झाल्या. मुलगा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. जेवण झाल्यावर यांनी आपली गादी दवाखान्यातून उचलून पुन्हा आत आणली आणि पसरली. मी ती गुंडाळून परत बाहेर नेऊन ठेवली. ते बघत उभे राहिले.

सासूबाईंनी विचारलं, "अगं, बरी होऊन आलीस ना माहेराहून? मग आता काय झालंय तुला?"

मी म्हटलं, "मला काहीच झालं नव्हतं."